पाणी सोडण्याचा हक्क : मिसिसिपीकाठच्या एका पूरवाटेचं प्रकरण

शेतजमीन विकली की ती दुसऱ्याच्या नावावर होते. खंडाने दिली तर करार होतो आणि मुदत संपली की संपतो. पण जमीन आपल्याच नावावर ठेवून तिच्यावर नदी सोडण्याचा हक्क सरकारकडे जाणं, हा व्यवहार निराळाच. अमेरिकेत मिसुरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मिसिसिपीच्या काठाने, सुमारे १,३०,००० एकर जमिनीच्या पट्ट्यासाठी असा हक्क कायद्याने घेतला गेला. मालकाने नांगरावं, पेरावं, घर बांधावं, विकावं, मुलांच्या नावे करावं. कोणी अडवत नाही. नदीने ठरलेली खूण गाठली की मात्र सरकार नदीलगतचा बांध फोडून पाणी या जमिनीत घेऊ शकतं. हा हक्क माणसाला चिकटलेला नाही, जमिनीला चिकटलेला आहे. जो जमीन घेईल त्याच्याकडे तो तिच्यासोबत येतो, त्याने जुना कागद वाचलेला असो वा नसो.

या पट्ट्याला बर्ड्स पॉइंट–न्यू मॅड्रिड पूरवाट म्हणता येईल. पूर मुद्दाम जिच्यातून काढून द्यायचा ती वाट, म्हणून पूरवाट. आजवर ती दोनदा वापरली गेली : जानेवारी १९३७ मध्ये आणि मे २०११ मध्ये. नदीकाठच्या सुपीक सखल जमिनीबद्दलचे जे प्रश्न एरवी धूसर राहतात, ते इथे फुटांत आणि तारखांत मांडलेले सापडतात. पाणी कोणी झेलायचं, हे कधी ठरलं? ठरलं तेव्हा कोण हजर होतं? आणि प्रत्यक्ष पाणी आलं तेव्हा तिथे कोण राहत होतं? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं एकसारखी नाहीत. या प्रकरणाचा सगळा पीळ तिथेच आहे.

जमीन

अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या सुमारे ४१ टक्के भागावर पडलेलं पाणी शेवटी मिसिसिपीत येतं. इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, केरो या गावापाशी, तिला ओहायो नदी मिळते. एकाच वेळी दोन्ही नद्या भरून आल्या की संगमाखालचा हा भाग पाण्याने तुंबतो. माणसाने बांध घालण्याआधी नदी इथे पसरायची. पसरायला तिला मैलोन् मैल सपाट जागा होती, आणि ती जागा तिनेच केलेली होती.

पूर काठाबाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम मोडतो. रेती आणि जाड पोयटा जड, म्हणून ते काठालगतच पडतात. बारीक चिकण माती पाण्यात तरंगत लांब जाते आणि पाणी थांबेल तिथे सावकाश बसते. हे हजारो वेळा झालं की काठाला लागून एक उंच, हलकी, निचऱ्याची पट्टी तयार होते आणि तिच्या मागे सखल, भारी, पाणथळ रान. नदीपासून जितकं दूर जावं तितकी जमीन उंच होत जाईल असं आपल्याला वाटतं. पूरमैदानात बहुधा याच्या उलट असतं. म्हणूनच अशा मुलखात जुनी वस्ती नदीपासून दूर नसते, काठाच्या उंचवट्यावर असते, आणि मागच्या बाजूची रानं सगळ्यात शेवटी लागवडीखाली येतात. ज्यांना काठावरची जमीन मिळत नाही, ते मागे जातात. हे लक्षात ठेवावं, पुढे लागेल.

मागच्या भारी मातीला मृदाशास्त्रज्ञ शार्की म्हणतात, स्थानिक शेतकरी गम्बो म्हणतात. ओली असताना ती चाकाला आणि अवजाराला चिकटते. वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिला वाफसा येतो तो थोड्या दिवसांचा. ते दिवस चुकले की पेरणी चुकते. पण साधली तर पीक असं येतं की शेतकरी तिच्या सगळ्या खोडी सहन करतो. पुराने आणून टाकलेल्या मातीचं हेच आहे. तिचा कस आणि तिचा धोका एकाच पाण्यातून आलेले असतात, आणि एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही. मका, सोयाबीन, गहू ही आज इथली मुख्य पिकं.

शेती येण्याआधी इथे ओक, सायप्रस, स्वीटगम अशा झाडांचं घनदाट दलदली जंगल होतं. मिसुरीच्या या कोपऱ्याला लोक दलदलीवरूनच चिडवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकूड कंपन्यांनी जंगल उतरवलं, मग चर खणून पाणी काढलं गेलं आणि जमीन विकली गेली. मूळ जंगलाचा सुमारे हजार एकरांचा तुकडा बिग ओक ट्री या राज्य उद्यानात शिल्लक आहे. १९३८ मध्ये राखलेलं हे उद्यानही पूरवाटेच्या आतच येतं.

योजना

१९२७ चा मिसिसिपीचा पूर हा या कथेचा उगम. त्याआधी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाचं धोरण सरळ होतं : दोन्ही काठांना उंच बांध घाला, नदी त्यातच राहील. पण बांधांत कोंडलेली नदी पसरू शकत नाही, म्हणून चढते. ती चढली की बांध आणखी उंच करायचे. १९२७ मध्ये बांध ठिकठिकाणी फुटले, सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला आणि लाखो माणसं बेघर झाली. कामगार म्हणून बांधांवर राबवली गेलेली आणि नंतर बांधांवरच्याच छावण्यांत ठेवली गेलेली माणसं प्रामुख्याने कृष्णवर्णीय वाटेकरी होती.

१५ मे १९२८ रोजी नवा पूरनियंत्रण कायदा झाला. अभियांत्रिकी दलाचे तेव्हाचे प्रमुख एडगर जॅडविन यांच्या योजनेचा गाभा असा की बांध कायम राहतील, पण नदीला काही ठिकाणी जागा परत द्यावी लागेल. बांधांच्या भरवशावर बसलेल्या दलाने हे मान्य करणं ही मोठी गोष्ट होती. त्या जागांपैकी सर्वांत वरची म्हणजे बर्ड्स पॉइंट ते न्यू मॅड्रिड.

रचना समजायला सोपी आहे. नदीलगत एक बांध, त्याला पुढचा बांध म्हणू. त्याच्या मागे काही मैलांवर दुसरा, मागचा बांध. दोहोंच्या मधली जमीन म्हणजे पूरवाट : लांबी सुमारे ३५ मैल, रुंदी कुठे तीन मैल, कुठे दहा. पुढच्या बांधाचा वरच्या टोकाकडचा ११ मैलांचा तुकडा मुद्दाम थोडा कमी उंचीचा ठेवला. त्याला नाव दिलं फ्यूज, घरातल्या विजेच्या फ्यूजसारखा. भार असह्य झाला की हा तुकडा आधी जावा आणि बाकी यंत्रणा वाचावी. वरून पाणी आत येईल, मधल्या जमिनीवरून वाहील आणि खाली न्यू मॅड्रिडजवळ पुन्हा नदीला मिळेल. सेकंदाला ५,५०,००० घनफूट पाणी या वाटेने काढता येईल असा आराखडा होता.

अभियांत्रिकी म्हणून योजना उत्तम आहे, असं माझं मत आहे. नदीशी झटापट करण्यापेक्षा तिला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने जाऊ देणं कधीही शहाणपणाचं. तिथे बाराही महिने काही न करता जमीन पडीक ठेवण्यापेक्षा पुराच्या मधल्या वर्षांत ती पिकवावी, हेही पटण्यासारखं. शेती हा पूरमैदानाचा सर्वांत समंजस वापर आहे, कारण पीक एका हंगामाचं असतं. बुडालं तर एक हंगाम बुडतो.

जमीनमालकांनी मात्र हे सहज मान्य केलं नाही. एक मालक थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचं म्हणणं असं की मागचा बांध बांधून माझी जमीन तुम्ही दोन बांधांच्या मधे घातलीत, त्याच क्षणी ती घेतल्यासारखी झाली. १९३९ मध्ये न्यायालयाने हे मान्य केलं नाही. पाणी येण्याची शक्यता निर्माण होणं म्हणजे जमीन काढून घेणं नव्हे, असा त्या निकालाचा अर्थ. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या शक्यतेखालीच तर सगळं आयुष्य काढायचं असतं.

तोवर पूरवाट एकदा वापरूनही झाली होती. जानेवारी १९३७ मध्ये ओहायोला आलेल्या प्रचंड पुरात केरोचं पाणी ५९ फुटांवर चढत गेलं आणि पुढचा बांध सुरुंगाने उडवला गेला. त्यानंतर ७४ वर्षं ती वेळ आली नाही.

चौऱ्याहत्तर वर्षं

७४ वर्षं म्हणजे तीन पिढ्या. ज्याने हक्काच्या कागदावर सही केली तो गेला, त्याचा मुलगा शेती करून थकला, नातवाने पूर ऐकला तो गोष्टीत. कागद नोंदणी कार्यालयात जिवंत होता, पण रानात त्याची कुठे खूण नव्हती. पाटबंधाऱ्याच्या भिंतीकडे रोज नजर जाते तशी या बांधाकडे जात नसावी. गवताने झाकलेला, लांबलचक, शेताच्या कडेला असलेला मातीचा उंचवटा, एवढंच.

खालच्या टोकाची गोष्ट वेगळी होती. न्यू मॅड्रिडजवळ पुढच्या बांधात सुमारे १,५०० फुटांचं खिंडार मुद्दाम ठेवलेलं आहे, आतल्या पाण्याला बाहेर पडता यावं म्हणून. नदी चढली की तिथूनच फुगवट्याचं पाणी उलटं आत शिरतं. त्यामुळे खालच्या भागातले शेतकरी पुराला कधी विसरले नाहीत. वसंतात पाणी येतं, थांबतं, जातं. मग वाफसा, मग पेरणी. उशिरा पेरता येईल असं पीक निवडायचं, आणि सोयाबीन त्यात बसतं. याच फुगवट्याच्या पाण्यात नदीतले मासे अंडी घालायला येतात. मिसिसिपीच्या या टप्प्यात नदी आणि तिचं मैदान अजून एकमेकांना भेटतात अशा थोड्या जागा उरल्या आहेत, त्यातली ही एक.

हे खिंडार बुजवून तिथे दरवाजे आणि पंप बसवावेत, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी. अभियांत्रिकी दलाने काम सुरूही केलं होतं. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या आणि २००७ मध्ये न्यायाधीशांनी काम थांबवून झालेलं बांधकाम काढायला सांगितलं. या वादात मी खिंडाराच्या बाजूचा आहे. खालच्या टोकाचा शेतकरी दरवर्षी थोडं सोसतो, पण त्याला नदी माहीत असते. खिंडार बुजलं असतं तर तिथेही पक्की घरं, गोदामं, महागडी यंत्रं आली असती, आणि पूरवाट उघडायची वेळ आली असती तेव्हा नुकसान कितीतरी पटीने वाढलं असतं. दरवर्षीचं थोडं पाणी हीच अशा जमिनीत आपली सावधगिरी टिकवून धरणारी गोष्ट.

पिनहुक

आता मागच्या रानाकडे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिसुरीच्या या कोपऱ्यात कापूस पसरला आणि त्याच्यासोबत वाटेकरी आले, गोरे आणि कृष्णवर्णीय दोन्ही. जमीन मालकाची, कष्ट वाटेकऱ्याचे, हिशोबाची वही मालकाकडे. १९३० च्या दशकात सरकारी अनुदान आलं, त्यात वाटेकऱ्याला हिस्सा देण्यापेक्षा त्याला काढून मजूर ठेवणं मालकांना परवडू लागलं. जानेवारी १९३९ मध्ये हाकलले गेलेले शेकडो वाटेकरी आपली भांडीकुंडी घेऊन साइकस्टनच्या आसपासच्या महामार्गांच्या कडेला येऊन बसले. ओवेन व्हिटफिल्ड हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि वाटेकरी त्यांचे पुढारी होते. थंडीत उघड्यावर बसलेली ही कुटुंबं देशभराच्या वर्तमानपत्रांत दिसू लागली, तेव्हा त्यांना रस्त्यावरून हलवण्यात आलं. त्यातल्या काहींना नेऊन सोडलं ते याच पूरवाटेच्या हद्दीत.

जी जमीन बुडवायची म्हणून राखलेली आहे, तिथे ज्यांना कुठेच जागा नाही त्यांना नेऊन ठेवायचं. कोणी तसं ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. ठरवावं लागत नाही, तेच वाईट आहे.

१९४० च्या दशकात दक्षिणेकडून आलेल्या काही कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांनी या पूरवाटेत जमीन घेतली आणि पिनहुक हे गाव वसवलं. ते मजूर म्हणून आले नव्हते. त्यांना स्वतःची जमीन हवी होती, आणि कृष्णवर्णीय माणसाला जमीन विकत मिळेल अशी जागा त्या मुलखात हीच होती. झाडं तोडून, पाणी काढून त्यांनी ती वहितीखाली आणली. घरं झाली, चर्च झालं, गावाची स्वतःची नगरसभा झाली. मुलं शिकून शहरांत गेली, पण वर्षातून एकदा पिनहुकचा दिवस साजरा करायला परत यायची. २०१० च्या जनगणनेत गावात ३० माणसं उरली होती.

पाणी सोडण्याचा हक्क घ्यायचं १९२८ च्या कायद्यात ठरलं, तेव्हा या लोकांपैकी कोणी तिथे नव्हतं. त्या कायद्यात मोजला गेला तो जमीनमालक, आणि मोजली गेली ती जमीन. पिनहुकच्या माणसांकडे त्या जमिनीसोबत हा धोका आला, दुसरीकडे जमीन मिळत नव्हती म्हणून.

मे २०११

एप्रिल २०११ च्या उत्तरार्धात ओहायोच्या खोऱ्यात पावसाची झड लागली. उत्तरेकडे बर्फही भरपूर वितळत होतं. केरोची पूरभिंत ६४ फुटांपर्यंतच्या पाण्यासाठी बांधलेली, पण भिंत न ओलांडताही पाणी गाव घेऊ शकतं. बांधाच्या दोन बाजूंच्या पातळीत फार फरक पडला की पाणी तळातून वाट काढतं आणि गावाच्या बाजूला जमिनीतून रेतीसह उकळ्या मारत वर येतं. त्या रेतीसोबत बांधाचा पायाच हळूहळू बाहेर पडत असतो. एप्रिलच्या अखेरीस केरोत असे मोठे उमाळे फुटले होते. महापौरांनी गाव रिकामं करायला सांगितलं.

केरोची लोकसंख्या २०१० मध्ये २,८३१ होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती १५,००० च्या घरात होती. वाफेच्या बोटींचा आणि रेल्वेचा काळ सरला, आणि नंतर वर्णद्वेषाच्या दीर्घ संघर्षात गाव पोखरून निघालं. उरलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब. म्हणून माध्यमांत हे प्रकरण पटकन एका चौकटीत बसलं : एकीकडे श्रीमंत गोऱ्या शेतकऱ्यांची जमीन, दुसरीकडे गरीब कृष्णवर्णीयांचं गाव. मिसुरीच्या विधानसभा सभापतींना विचारलं गेलं की शेतजमीन बुडावी की केरो, आणि त्यांनी केरोचं नाव घेतलं. नंतर त्यांना माफी मागावी लागली. त्या उत्तरावर संताप येणं साहजिक होतं. पण या चौकटीत पिनहुक कुठेच नव्हतं, आणि प्रश्न एकट्या केरोचाही नव्हता. संगमाच्या वर आणि खाली, दोन्ही नद्यांवरच्या बांधांवर तोच ताण होता.

मिसुरी राज्य सरकारने बांध फोडण्याला न्यायालयात हरकत घेतली. २९ एप्रिलला संघीय जिल्हा न्यायालयाने अभियांत्रिकी दलाच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही आणि १ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनीही स्थगिती नाकारली. आता निर्णय मिसिसिपी नदी आयोगाचे अध्यक्ष मेजर जनरल मायकेल वॉल्श यांच्या हातात होता. योजनेनुसार केरोला ६१ फुटांचा अंदाज ही निर्णायक खूण.

बांधात आधीपासून नळ्या पुरलेल्या होत्या. बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेवरून, आणलेलं द्रवरूप स्फोटक त्यांत भरायचं होतं. विजा चमकत असल्यामुळे हे काम मधे थांबवावं लागलं. २ मे रोजी केरोची पातळी ६१.७२ फुटांवर गेली, आजवरची सर्वांत जास्त. त्या रात्री दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि सुमारे दोन मैलांचा बांध गेला. नदी ७४ वर्षांनी आपल्या जुन्या मैदानात आली. पुढच्या तीन दिवसांत खालच्या बाजूला आणखी दोन ठिकाणी बांध फोडून पाण्याला बाहेरची वाट दिली. केरोचं पाणी उतरू लागलं. त्याच महिन्यात लुइझियानातल्या बॉने कॅरे आणि मॉर्गान्झा या पूरवाटाही उघडल्या. तिन्ही एकाच पुरात वापरल्या गेल्याची ही पहिली वेळ.

वॉल्श यांनी त्या रात्री घेतलेला निर्णय मला योग्य वाटतो. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय होता तो बांध कुठे फुटेल हे नशिबावर सोडण्याचा. फ्यूज त्यासाठीच तर होता.

त्या रात्रीच्या आधीच्या दिवसांबद्दल मात्र असं म्हणता येत नाही. पूरवाटेत दोनशेच्या आसपास माणसं राहत होती. बार्ज कुठून आणायचे, नळ्या कशा भरायच्या, कोणत्या फुटाला काय करायचं, सगळं लिहिलेलं होतं. पिनहुकच्या रहिवाशांनी नंतर सांगितलं की सामान हलवायला त्यांना सरकारी मदत मिळाली नाही. नातेवाइकांनी जमेल ते ट्रकमध्ये भरलं आणि ते निघाले. बांध उडवायची योजना दशकानुदशकं जपली गेली, तिच्यात सुधारणा झाल्या. त्या आतल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी झोपायचं कुठे, याचं पान तिला कधी जोडलं गेलं नाही.

पाणी गेल्यावर

इथून पुढे शेताची आणि घराची गोष्ट वेगळी होते.

पुराने ओंबीवर आलेला गहू गेला. बांध फुटला त्या तोंडाशी पाण्याच्या लोंढ्याने जमीन खरवडून खोल डोह पाडले, ओब्रायन रिज नावाच्या उंचवट्याजवळ शेतांत मोठ्या घळी पडल्या, कुठे सुपीक मातीवर रेतीचा थर बसला, निचऱ्याचे चर गाळाने भरले. हे नुकसान खरं होतं, आणि ज्याच्या शेतात डोह पडला त्याचं वावर काही वर्षांसाठी हातचं गेलं. पण पूरवाटेचा बहुतांश भाग पाणी ओसरताच वाळला आणि त्याच उन्हाळ्यात बहुतेक जमिनीत सोयाबीन पेरलं गेलं. मे महिन्यात जिथे नदी होती, तिथे शरद ऋतूत कापणी झाली. केंद्रीय कृषी खात्याने पीकविमा लागू राहील असं जाहीर केलं, कारण बांध माणसाने फोडला असला तरी मूळ कारण नैसर्गिक पूर होतं. शेतकऱ्यांना सर्वांत मोठी चिंता बांधाची होती, कारण उघड्या तोंडासमोर कोण पेरणार आणि कोण कर्ज देणार? अभियांत्रिकी दलाने आधी ५१ फुटांच्या पातळीपर्यंत तो तात्पुरता उभा केला. शेतकऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी रेटा लावला. २०१२ च्या अखेरीस बांध पूर्ण उंचीला परत आला.

दीड वर्षात बांध, एका हंगामात शेत. १९२८ चा हिशोब जमिनीपुरता अचूक ठरला. पूरमैदानातली माती पूर सोसते, कारण ती पुराचीच आहे.

पिनहुक परत उभं राहिलं नाही. घरं पाण्यात राहून निकामी झाली होती. पूरवाटेच्या आत पुन्हा बांधायचं तर पुन्हा तोच कागद, तोच बांध. बाहेर कुठे एकत्र बांधायचं तर जागा, पैसा आणि एकामागून एक कार्यालयांच्या मंजुऱ्या. गावकरी भाड्याच्या घरांत, नातेवाइकांकडे, जवळपासच्या गावांत पांगले. त्यांची मागणी साधी होती : आम्हाला एका जागी, एकमेकांशेजारी राहू द्या. प्रत्येक कुटुंबाला वेगवेगळी मदत मिळू शकते, पण गावाला गाव म्हणून मदत करण्याचा रकाना सरकारी अर्जात सहसा नसतो. ३० माणसांचं गाव तर आकड्यांत उठूनच दिसत नाही. खेटे घालण्यात वर्षं गेली, त्यात काही म्हातारी माणसंही गेली.

इथे एक हरकत घेतली जाते, आणि ती मला पूर्ण टाळायची नाही. लोकांनी पूरवाटेत घर बांधायलाच नको होतं, ती जमीन कशासाठी आहे हे जाहीर होतं. माझंही मत असं आहे की अशा जमिनीत शेत असावं, घर असू नये. पण मग ते १९२८ पासून अमलात आणायला हवं होतं : हक्क घेताना वस्तीलाही मनाई करायची, आणि आत शेती करणाऱ्याला राहण्यासाठी मागच्या बांधाबाहेर जागा द्यायची. तसं झालं नाही, कारण ते महाग होतं. घरं बांधू दिली, गावाला नगरसभा म्हणून मान्यता दिली, कर घेतला, जनगणनेत मोजलं. एवढं सगळं करून पाणी सोडण्याच्या दिवशी कागद काढून दाखवायचा, याला मी लोकांची चूक म्हणणार नाही.

शिवाय ज्या मालकाकडे इतरत्र जमीन आहे, शहरात घर आहे, विमा आहे, तो पूरवाटेत नुसतं शेत ठेवू शकतो. ज्याच्याकडे एवढीच जमीन आहे तो तिच्यावरच राहतो. सखल जमिनीत शेवटी घर कोणाचं असतं, याचं उत्तर मातीच्या नकाशात मिळत नाही. त्यासाठी कोणाला कुठे जमीन विकत मिळत होती याचा नकाशा बघावा लागतो.

अनेक वर्षांच्या धडपडीनंतर स्वयंसेवी संस्थांच्या आणि स्वयंसेवकांच्या मदतीने पिनहुकच्या काही कुटुंबांना साइकस्टनमध्ये नवी घरं मिळाली. जे साइकस्टन १९३९ मध्ये रस्त्याकडेच्या वाटेकऱ्यांमुळे देशाला माहीत झालं होतं, तेच. ते गाव एका लांब, रेताड उंचवट्यावर वसलेलं आहे, पूरवाटेच्या पश्चिमेला, मागच्या बांधाच्या बाहेर. तिथली माती पिनहुकच्या मातीइतकी भारी नाही. त्या जमिनीच्या कागदांवर पाणी सोडण्याचा हक्क कोणाचा नाही.